अमावास्येला पाहिलेलं घर

उत्तमराव तायड्यांनी बगरूचं घर पहिल्यांदा पाहिलं ते अमावास्येच्या दिवशी, आणि तो दिवस त्यांनी मुद्दाम निवडला होता. दलालाने फोनवर बरेच आढेवेढे घेतले.

"बाऊजी, उस दिन तो अमावस है. कोई मकान देखने नहीं निकलता."

"इसीलिए तो उस दिन आना है," उत्तमराव म्हणाले आणि फोन ठेवून मीराबाईंकडे पाहून हसले.

त्यांचा हिशेब सरळ होता. तायड्यांच्या घरात दोन पिढ्यांपासून अमावास्या, पंचक, राहुकाळ यांतलं काही उरलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळची वंदना होती, पौर्णिमेची खीर होती, बाकी दिवस सगळे सारखेच. ज्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक घराबाहेर पडत नाही, त्या दिवशी मालक नरम असतो, दलालाला घाई नसते आणि घर नीट पाहता येतं. लोकांच्या अशा समजुतींचा आजवर तायड्यांना तोटाच झाला होता. एकदा तरी फायदा व्हावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

उत्तमराव मूळचे मलकापूरचे. रेल्वेत डब्यांचे फिटर म्हणून लागले, बदली होऊन जयपूरला आले आणि इथेच राहिले. सगळी नोकरी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेली. क्वार्टरमध्ये राहणाऱ्या माणसाचं एक बरं असतं आणि एक वाईट असतं. भाडं पगारातून परस्पर कापलं जातं, नळ गळला तर अर्ज द्यायचा, चुना सरकार लावतं. त्यामुळे घर शोधणं, घरमालकाशी बोलणं, भाव करणं यातलं त्याला काही येत नाही. साठीला आला तरी या एका बाबतीत तो कालच शहरात आलेल्या माणसासारखा असतो.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. मुलगी उत्कर्षा मालवीय नगरात राहायची. ती एका लॅबमध्ये कामाला, जावई राजरत्न कंपनीच्या कामाने महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी, आणि नात रुचिता नुकती पाऊल टाकायला लागलेली. मीराबाईंनी ठरवून टाकलं की पोरीच्या हाकेच्या अंतरावर राहायचं. उत्तमरावांनी ते मान्य केलं, फक्त एक अट घातली. लेकीच्या घरात राहायचं नाही. आपलं बिऱ्हाड वेगळं.

मग मालवीय नगरात घर शोधणं आलं. दारावर जाऊन आडनाव सांगितलं की समोरचा विचारायचा, "तायडे? मतलब... कौन हुए आप?" उत्तमराव सांगायचे. सांगितल्यावर कुणाचा भाऊ अचानक गावाहून येणार असायचा, कुणाला वरच्या मजल्यावर काम काढायचं असायचं. शेवटी एका निवृत्त मास्तरांनी दोन खोल्या दिल्या. मास्तर तसे बरे होते, पण भाडं असं होतं की पेन्शन हातात आली आणि ते दिलं, की उरलेला महिना जपून चालावं लागायचं.

ते वर्ष मंदीचं होतं. लॉकडाऊन उठला होता, पण बाजार काही उठला नव्हता. दुकानांवर "किराए के लिए खाली" असे कागद लागले होते, आणि जयपूरच्या आसपास लोक घरं पडत्या भावात विकत होते. मालवीय नगरात घर घेणं उत्तमरावांच्या आवाक्यातलं नव्हतंच. अजमेर रस्त्यावरच्या बगरूत मात्र त्यांच्या फंडात बसेल असं एक दुमजली घर निघालं. तिथल्या कारखान्यातल्या एका सुपरवायझरचं. काम सुटलं, तो गावी गेला आणि घर दलालाकडे सोपवून गेला.

उत्तमरावांनी मीराबाईंना बेत समजावून सांगितला. "बगरूचं घर भाड्यानं देऊ. तिथलं भाडं येईन, ते इथं मास्तरले देऊ. पेन्शनले हात लावायचा नाई."

मीराबाईंनी थोडा विचार केला. "म्हंजे घर घेऊन बी आपन भाडेकरूच?"

"भाडेकरू बी आन मालक बी."

"मालक बगरूत आन भाडेकरू जयपुरात. वा! अर्धं अंग इकडं, अर्धं तिकडं."

पण बेत त्यांना पटला होता. पटला नसता तर त्यांनी थट्टा केली नसती.

तर अमावास्येला उत्तमराव एकटे जाऊन आले. पुढच्या महिन्यात मीराबाईंना दाखवायला नेलं, तेही अमावास्याच पाहून, कारण पहिल्या खेपेला दलालाने भाव उतरवला होता आणि अजून थोडा उतरेल अशी त्यांना आशा होती. दोन्ही वेळा गल्ली अशी शांत की चिमण्यांचं भांडण ऐकू यावं. ओट्यावर दोघंतिघं पत्ते खेळत होते. शेजारच्या दारात खाटेवर एक मिशीवाला गृहस्थ डोळ्यांवर गमछा टाकून पडला होता. घरात खाली एक लांबरुंद हॉल, वर दोन मोठ्या खोल्या आणि स्वयंपाकाच्या दोन जागा, त्यावर ऐसपैस गच्ची. अंगणात फरशीखाली पावसाचं पाणी साठवायचा जुना टांका, वर लोखंडी झाकण.

"किती शांत हाय जी," मीराबाई म्हणाल्या. "इथं तर एखादा प्रोफेसर बी राहीन."

घर घेतलं. रजिस्ट्री झाली, चुना लावला, दारांना नवा रंग दिला. मग एका बुधवारी उत्तमराव पहिल्या भाडेकरूला, एका शाळामास्तराला, घर दाखवायला घेऊन गेले.

गल्लीच्या तोंडाशीच आवाज सुरू झाला. ठप्. ठप् ठप्. ठप्. घराचं कुलूप काढलं तेव्हा तो भिंतीतून येत होता. शेजारच्या घरात, सामाईक भिंतीला लागून, कुणीतरी काहीतरी बडवत होतं, आणि ते एकटं नव्हतं, तिघं-चौघं होते. त्यावर आंबट, गंजासारखा एक वास. गल्लीभर दोऱ्यांवर लाल-काळी कापडं वाळत होती.

बगरू हे कापडावर लाकडी ठशांनी छपाई करणाऱ्यांचं गाव, हे उत्तमरावांना ठाऊक होतं. जयपुरात कुणाला ठाऊक नाही? पण ती छपाई आपल्या भिंतीला लागून असेल, हे दोन खेपांत कुठे दिसलं नव्हतं.

शाळामास्तर गरज होती म्हणून राहिले, पण आठवडाभरच. "मुलाची दहावी आहे," ते हिंदीत म्हणाले आणि किल्ली देऊन गेले. त्यांच्यानंतर एक नर्सबाई आली. तिची रात्रपाळी, दिवसा झोपायची. तिसऱ्या दिवशी सुजल्या डोळ्यांनी तिने आगाऊ दिलेले पैसे परत मागितले, आणि तिचा चेहरा पाहून उत्तमरावांनी ते सगळे देऊन टाकले. पुढे जो यायचा तो गल्लीच्या तोंडाशीच थांबायचा, कान द्यायचा आणि "फोन करता हूँ" म्हणून निघून जायचा. उन्हाळा गेला, पावसाळा आला, घर रिकामंच.

उत्कर्षाला हे कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. तिचं मराठी अडखळत चालायचं. "पप्पा, मतलब... तुम्ही दोन वेळा गेलात, तेव्हा एकदम आवाजच नव्हता?"

"नव्हता."

"ऐसे कैसे? मग ते लोक त्या दिवशी काय करत होते?"

"पत्ते खेळत होते," मीराबाई म्हणाल्या.

या चर्चेच्या आसपासच मालवीय नगरच्या मास्तरांनी निरोप दिला. अकरा महिन्यांचा करार दिवाळीला संपतो. पुढे राहणार असाल तर नवरात्रीपर्यंत सांगा, माझ्या मेहुण्याचा मुलगा जागा मागतोय. उत्तमरावांनी रात्रंदिवस आकडे मांडले नाहीत, मांडण्यासारखं काही नव्हतंच. फंड घरात गेला होता. पेन्शनमधून मास्तरांचं भाडं भागवलं तर औषधपाण्यालाही उरत नव्हतं. बगरूचं घर भाड्याने गेलं नाही तर एकच वाट होती. मालवीय नगर सोडायचं आणि स्वतःच बगरूत जाऊन राहायचं. मग रुचिता पाळणाघरात, आणि उत्कर्षाने धावतपळत तिला आणायचं. राजरत्न म्हणाला होता, "बाबा, आमच्याकडे या ना, वेगळं काय आहे?" उत्तमरावांनी आपली अट सोडली नाही. मीराबाई मात्र त्या दिवसापासून रुचिताला जरा जास्त वेळ कडेवर घेऊ लागल्या.

शेवटी मीराबाईच म्हणाल्या, "जाऊन त्या शेजाऱ्याले सांगा ना. हळू मारा म्हना. मानूस हाय, आयकन."

"काय सांगू? त्याचा धंदा हाय."

"तुमी जनमभर लोखंडावर हातोडी मारली, तवा आमी आयकलंच ना? तुमाले लाकडाचा आवाज सोसत नाई, हे बरं."

"मले सोसते. भाडेकरूले नाई सोसत."

तरी ते गेले. शेजारच्या दारात उभे राहून आत पाहू लागले. आतल्या खोलीत लांब टेबलं भिंतीला टेकवून लावलेली. मिशीवाला, तोच खाटेवरचा, ठसा रंगात टेकवत होता, कापडावर ठेवून तळहाताच्या कडेने मारत होता. ठप्. पुन्हा रंग, पुन्हा ठप्. नाव देवराम छीपा. त्याने उत्तमरावांना पाहिलं आणि हात न थांबवता ओरडून चहा मागवला.

"आप ही हैं अमावसवाले बाऊजी!" तो म्हणाला.

"अमावसवाले?"

"पूरी गली में यही नाम है आपका. दो बार आए, दोनों बार अमावस को! मैं खाट पर पड़ा-पड़ा घरवाली से बोला, कोई बहुत बड़ा सेठ है, शगुन-अपशगुन से डरता ही कोनी."

टेबलांवरचे तिघेही हसले. उत्तमरावही हसले, पण त्यांना अजून उलगडा झाला नव्हता. देवरामने तो केला. या गल्लीत अमावास्येला काम बंद असतं. बापजाद्यांपासूनची सुट्टी. ठशांना हात लावायचा नाही, रंग कालवायचा नाही. महिन्यात एकच दिवस गल्ली गप्प असते, आणि बाऊजींनी नेमका तोच दिवस दोन वेळा गाठला.

उत्तमरावांनी आलेला चहा हातात घेतला. इतकी वर्षं ज्या गोष्टीला आपण मानत नव्हतो, तिच्यामुळे फसलो. तेही कुणी फसवलं नाही, आपणच चालत जाऊन.

"पण भिंतीला लागूनच टेबलं का?" त्यांनी हळूच विचारलं. त्यांची तक्रार म्हणजे एवढीच.

देवरामचा हात पहिल्यांदा थांबला. गावाबाहेर त्याची भाड्याची शेड होती, मोठी. मंदीत परदेशातल्या ऑर्डरी बंद झाल्या, शेड सोडावी लागली, तेव्हा टेबलं घरात आणली. घरात दुसरी जागाच नव्हती. "ये कमरा माँ का था," तो म्हणाला. "माँ अब रसोई में सोती है."

ज्या मंदीने उत्तमरावांना घर स्वस्तात मिळालं, तिनेच ही टेबलं त्यांच्या भिंतीला आणून लावली होती. ते चहा पिऊन, कप धुवायच्या जागी नीट ठेवून परत आले.

"सांगतलं?" मीराबाईंनी विचारलं.

"हाव."

"काय म्हनला?"

"चहा पाजला."

मीराबाई उठून स्वयंपाकाला लागल्या.

आता दलालाने एक युक्ती सुचवली. अंगणात गाड्या लावायची सोय करा, गाडीवाला भाडेकरू येईल, दिवसभर बाहेरच असतो, त्याला आवाजाचं काय? त्यासाठी तो जुना टांका बुजवायचा आणि वर फरशी पक्की करायची. उत्तमरावांना ते पटलं. नाही तरी रुचिता कधी आली तर त्या झाकणाची त्यांना धास्ती वाटायची. त्यांनी मलब्याची ट्रॉली सांगितली. मीराबाईही त्या दिवशी बरोबर आल्या, घर झाडून घ्यायला.

ट्रॅक्टर गल्लीत शिरला. ट्रॉली मागे घेऊन अंगणाच्या फाटकाशी लागली, झाकण उघडलं, आणि तेवढ्यात शेजारचा ठप् ठप् आवाज एकदम थांबला. देवराम कोपरापर्यंत काळे झालेले हात घेऊन धावत आला.

"बाऊजी, रुको! इसमें मलबा मत डालो!"

"का? काय झालं?"

तो टांक्याच्या काठाशी गुडघे टेकून आत वाकून पाहू लागला. पावसाळा चांगला झाला होता, टांका गळ्यापर्यंत भरलेला. त्याने पाण्याकडे असं पाहिलं जसं कुणी देवळात पाहतं.

"बरसात का पानी है. ऊपर से उतरा हुआ, मीठा." मग तो उठला आणि सांगू लागला. त्यांच्या बोअरिंगचं पाणी खारं झालंय. कापड धुवायला चालतं, पण रंग भिजवायला नाही. लाल रंग मेल्यासारखा उमटतो, घेणारा नाक मुरडतो. पूर्वी प्रत्येक घरी टांके होते, लोकांनी बुजवून टाकले, त्यानेही बुजवला, जागा हवी म्हणून. सुपरवायझर होता तेव्हा तो दोन बादल्या द्यायचा. "आप भर दोगे तो गली में एक भी नहीं बचेगा."

उत्तमराव क्षणभर गोंधळले. मग मालवीय नगरातल्या दारांवर शिकलेला धडा त्यांना आठवला. आधी सांगितलेलं बरं. नंतर कुणाला पश्चात्ताप नको आणि आपल्यालाही तो चेहरा पाहायला नको.

"देवरामजी, एक बात. हम बौद्ध हैं. जयभीमवाले. बाद में मत कहना कि बताया नहीं."

देवरामने कपाळावर आठ्या घातल्या, जणू मध्येच कुणी दुसराच विषय काढला. "वो तो दलाल ने पहले दिन बता दिया था. आप पानी का भाव बोलो."

"पाण्याचा भाव?" उत्तमराव मराठीतच बोलून गेले.

"हाँ, भाव! बाल्टी का क्या लोगे? देखो, मंदी है, ज़्यादा मत बोलना."

ट्रॅक्टरवाला वैतागून हॉर्न वाजवू लागला. देवरामची बायको तोवर बादली घेऊन फाटकात येऊन उभी राहिली होती. तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि मीराबाईंना विचारलं, "ले लें, जीजी?"

मीराबाईंनी बादलीकडे पाहिलं. त्यांची आई गावच्या विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायची, कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत. कधी कधी ऊन डोक्यावर यायचं. मीराबाईंनी हे उत्कर्षाला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायला लागल्या की त्यांना राग यायचा आणि मग तो दिवसभर जायचा नाही. आज राग आला नाही. त्यांनी पदर खोचला, कोपऱ्यातला दोर घेतला, बादली स्वतः टांक्यात सोडली आणि भरून वर ओढली. ती त्यांनी बाईच्या हातात दिली. बादली जड होती.

बाईने बादली खाली ठेवली, ओंजळ बुडवली आणि आधी स्वतः घोटभर प्यायली. "मीठा है," ती नवऱ्याला म्हणाली. "भाव करके आना."

उत्तमराव ट्रॅक्टरवाल्याकडे गेले. त्याला जाण्यायेण्याचे पैसे दिले आणि मलबा परत पाठवला. मीराबाई झाकणावर बसल्या होत्या, तोंड भिंतीकडे करून. उत्तमराव जवळ गेले तर म्हणाल्या, "काही नाई. डोळ्यात चुना गेला."

चुना लावून सहा महिने झाले होते. उत्तमरावांनी दोर गुंडाळून कोपऱ्यात ठेवला.

पाण्याचा भाव काही ठरला नाही, कारण उत्तमराव घ्यायला तयार नव्हते आणि देवराम फुकट न्यायला. त्या वादातूनच पुढचं निघालं. वाद घालता घालता देवराम घरात शिरला. हॉलच्या मध्यभागी उभा राहिला, पावलांनी लांबी मोजली, वर पाहिलं, खिडक्या उघडून पाहिल्या. मग पुन्हा एकदा लांबी मोजली.

"क्या हुआ?" उत्तमरावांनी विचारलं.

"कुछ कोनी. चार टेबल आ जाएँगी यहाँ. माँ को कमरा मिल जाएगा." त्याने खिडकी ओढून लावली. "पर किराया आप अफ़सरों वाला लोगे."

आता इथे कुणी खरा घरमालक असता तर त्याने आधी विचार करतो म्हटलं असतं, मग जास्तीचा आकडा सांगितला असता आणि मग खाली आला असता. उत्तमरावांना ते माहीत नव्हतं. त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. मालवीय नगरच्या मास्तरांना किती द्यावं लागतं, पेन्शन किती, नात केवढी, नवरात्रीपर्यंत काय सांगायचंय. "मले तेवढं भेटलं की झालं," असं ते हिंदी-मराठी मिसळून म्हणाले. "त्याच्या वर नको."

मीराबाईंनी तिथेच कपाळावर हात मारला. "बाप्पा! असा मालक असते का? आपलं पूर्ण पोट उघडं करून दाखवलं!"

देवराम हसला नाही. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. एकट्याला एवढं झेपणार नाही, म्हणाला. पण त्याचे दोन कारागीर गावाबाहेर भाड्याने राहतात, सायकलवर येतात. वरच्या खोल्या त्या दोन कुटुंबांना द्या. त्यांना आवाजाचं काय, तो आवाज त्यांच्याच हातांचा. संध्याकाळी काम थांबलं की सगळी गल्लीच थांबते. तिघांचं मिळून बाऊजींचं भागेल. "फ़र्श पर रंग गिरेगा, ये पहले बता रहा हूँ. बाद में मत कहना."

उत्तमरावांनी नव्याने चुना लावलेल्या भिंतींकडे पाहिलं. क्वार्टर सोडताना त्यांनी खिळ्याची भोकंसुद्धा मातीने भरून दिली होती. या भिंती आता वर्षभरात लाल-काळ्या होणार. त्यांनी मीराबाईंकडे पाहिलं.

"पाहाता काय?" मीराबाई म्हणाल्या. "कापडावर पडते तवा लोक पैसे देऊन घेतात. भिंतीवर पडलं तर फुकट."

तिथेच, हॉलमध्ये उभ्याउभ्या ठरलं. संध्याकाळी परतीच्या बसमध्ये उत्तमरावांनी मास्तरांना फोन लावला. बस खडखडत होती, म्हणून ते जरा मोठ्यानेच बोलले. "मास्टरजी, हम रहेंगे. आगे भी रहेंगे." पुढच्या सीटवरच्या दोघांनी वळून पाहिलं. एरवी उत्तमराव ओशाळले असते. मीराबाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या आणि त्यांचा हात उत्तमरावांच्या बाहीवर होता. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी असा चारचौघांत हात ठेवला नव्हता.

दिवाळीला मालवीय नगरचा करार पुन्हा झाला. तेव्हापासून तो दरवर्षी होतो. रुचिता आता शाळेत जाते आणि शाळा सुटल्यावर आजीकडे येते. मंदी केव्हा सरली ते उत्तमरावांना नेमकं कळलं नाही. एका हिवाळ्यात हॉलमध्ये चाराची पाच टेबलं झाली, त्यावरून त्यांनी ओळखलं. देवराम स्वतःहून म्हणाला, "बाऊजी, अब किराया बढ़ा लो." मास्तरांनी आपलं जेवढं वाढवलं होतं तेवढं उत्तमरावांनी वाढवलं. मीराबाईंनी पुन्हा कपाळावर हात मारला, पण या वेळी जरा हळू.

भाडं फोनवर येतं. तरीही उत्तमराव महिन्यातून एकदा बगरूला जातात. घरमालक म्हणून तपासायला जातो, असं ते सांगतात. प्रत्यक्षात हॉलच्या कोपऱ्यात स्टुलावर बसतात, चहा पितात आणि टेबलांवरचे हात पाहतात. देवरामची आई भेटली तर तिच्या गुडघ्यांची चौकशी करतात.

त्यांच्या मनात एक गोष्ट राहून गेली होती. या माणसामुळे आपलं बिऱ्हाड जागच्या जागी राहिलं, नात अंगाखांद्यावर वाढली, हे त्याला एकदा तरी सांगावं. पण आभार मानायची त्यांना सवय नव्हती. रेल्वेत कोण कुणाचे मानतं? गेल्या थंडीत एकदा मीराबाईही बरोबर होत्या, आणि वाटेतच त्यांनी बजावलं, "आज सांगा. नाईतर मी सांगते, आन मंग मी काय-काय सांगीन ते सांगता येत नाई."

तेव्हा उत्तमराव स्टुलावरून उठले, टेबलाशी गेले आणि बसमध्ये पाठ केलेलं वाक्य म्हणाले. "देवरामजी, आपका हम पर बहुत उपकार है."

देवरामने ठसा मारला, कापड सरकवलं, डोकं वर केलं नाही. "उपकार? किसका किस पर? मेरी माँ रोज़ आपका नाम लेती है, मैं तो तंग आ गया." मग त्याने छापून झालेल्या कापडाकडे मान हलवली. "खड़े ही हो तो वो सिरा पकड़ो. ऊपर सुखाना है. ज़मीन को मत लगने देना."

उत्तमरावांनी कापडाचं एक टोक दोन्ही हातांनी उचललं, दुसरं मीराबाईंनी. ओल्या रंगाला धक्का लागू नये म्हणून दोघं जिना हळूहळू चढू लागली.

"सांगतलं ना एकदाचं?" मागून मीराबाई म्हणाल्या.

"हाव."

"मंग चला पुढं. हात दुखू राह्यले माहे."

गच्चीवर ऊन चांगलं होतं. त्यांनी कापड दोरीवर टाकलं, दोन्ही बाजू सारख्या केल्या, आणि दुसरं आणायला खाली उतरली.